पेन्सिलीने भरलेली हजेरी

पिंजारी शाळेत आला. त्याने विचारले, माझा मुलगा शाळेत येतो का. मी हजेरीपट उघडला, पाहिला आणि हो म्हणालो. पिंजारी गेला.

मुलगा तेव्हा नऊ दिवस शाळेत आलेला नव्हता आणि हे मला माहीत होते.

गेल्या मार्गशीर्षात दादा वारले. त्यांच्या दिवसांना आलेली माणसे ओसरीवर बसून त्यांच्याबद्दल सांगत होती. कोणी म्हणाले, मला मास्तरांनी आंब्याच्या झाडावरून उतरवून शाळेत नेले. कोणी म्हणाले, मी सात वेळा शाळा सोडली आणि मास्तर आठ वेळा आले, आठव्यांदा उगीचच, मी शाळेतच होतो. लोक हसले, मीही हसलो. पण प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मला पिंजाऱ्याचा तो प्रश्न ऐकू येई. या सगळ्या गोष्टी आणि ती एक गोष्ट यांची बेरीज कशी करायची ते मला कळत नव्हते. अजून कळत नाही. म्हणून लिहून पाहतो आहे.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. पारनेरच्या इंग्रजी शाळेत ते शिकवत. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवले, आणि मॅट्रिक झाल्यावर त्याच शाळेत आपल्या हाताखाली घेतले. तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. मी एकोणीस वर्षांचा होतो. मला वाचायला आवडे, शिकवायला भीती वाटे. दादांचे उलट होते. पुस्तक हातात न घेता ते तासन्‌तास बोलू शकत आणि वर्गातला सगळ्यांत आडदांड मुलगा त्यांना सगळ्यांत जवळचा वाटे.

शाळेचा नियम असा होता की मुलगा ठरावीक दिवस सलग गैरहजर राहिला की पटावरून त्याचे नाव कमी करायचे. एकदा नाव कमी झाले की मुलगा सहसा परत येत नसे. घरच्यांना निमित्तच हवे असे. शाळेनेच काढला म्हटले की प्रश्न मिटला. दादांनी यावर एक पद्धत काढली होती. एखाद्या मुलाचे काही बिनसले आहे असा त्यांना संशय आला की त्याच्या चौकटीत ते 'ग' लिहीत नसत. पेन्सिलीने बारीक टिंब देत. मग रविवारी काठी घेऊन त्या मुलाच्या गावी जात. मुलगा सोमवारी आला तर टिंबांवर शाईने 'ह' चढे. खरोखरच हातचा गेला असेल तर टिंबे खोडून 'ग' पडे. हेडमास्तरांना हे माहीत होते. महिनाअखेरीस पट बघताना ते चष्मा काढून ठेवत.

यात काही खोटे आहे असे मला त्या वेळी वाटत नव्हते. आता वाटते का, हे विचारले तर सांगता येणार नाही.

पिंजाऱ्याचा मुलगा इंग्रजी चौथीत होता. पंधरा वर्षांचा, पण वर्गात सगळ्यांहून डोकेभर उंच. दिवाळी झाली की बाप कापूस पिंजायचे धनुष्य, म्हणजे पिंजण, खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या-दुलया पिंजायला निघे आणि मुलालाही नेई, त्यामुळे त्याचा दर हिवाळा शाळेतून वाहून जाई. वर्गात तो शिरला की मागच्या बाकावरची पोरे पिंजणीची ताणलेली तात वाजावी तसे तोंडाने 'टँव टँव' करत. त्याने एकदा त्यातल्या एकाचा दात पाडला. दात पडलेल्या मुलाचे वडील शाळेच्या कमिटीवर होते. कमिटीसमोर दादांनी शब्द दिला की याची जबाबदारी माझी. तेव्हापासून त्या मुलाकडे आणि दादांकडेही कमिटीचे लक्ष होते.

आदल्या वर्षी दादांनी त्याला आणायला जाताना मला बरोबर नेले होते. एका वाड्यासमोरच्या अंगणात बापलेक कापूस पिंजत होते. दादा सरळ ढिगाशेजारी बसले.

मुलगा हात न थांबवता म्हणाला, "मास्तर, बाजूला बसा. पांढरं व्हाल."

"होऊ दे. भूमितीचा चौथा सिद्धांत म्हण."

"आत्ता?"

"हात गुंतलेत. तोंड रिकामं आहे ना?"

बाप हसला. "आरं म्हन की. ही तात बी तुज्यापरास जास्त बोलती."

मुलाने सिद्धांत म्हटला. मध्ये अडला, दादांनी सांगितले, पुन्हा म्हटला. पिंजणीच्या ठोक्यावर भूमिती ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ. तासाभराने त्याने दादांकडे नीट पाहिले आणि त्याला हसू फुटले. "मास्तर, तुमी पार म्हातारं दिसाया लागला."

"मग म्हाताऱ्याला अजून किती हेलपाटे घालायला लावणार?"

बाप पिंजतच राहिला. निघताना मात्र म्हणाला, "न्या. पर येक सांगतो मास्तर, मी अडानी मानूस. पोरगं तुमच्या हवाली. तुमी हाय म्हनला की हाय, न्हाई म्हनला की न्हाई."

त्यानंतर मुलगा पारनेरलाच राहू लागला. शाळेमागच्या खोलीत झोपे आणि संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येई. वहिनी म्हणायच्या, "आला का कापसाचा डोंगर? भाकरी मोजून टाकायची सोयच नाही." तो पडवीत बसे. जेवल्यावर आपले ताट आपणच घासून कोपऱ्यात वेगळे ठेवी. तसे कर असे त्याला आमच्यातल्या कोणी सांगितले नव्हते. तसे करू नकोस असेही कोणी सांगितले नाही. वहिनींच्या हातची आमटी त्याला फार आवडे, एवढे मला पक्के आठवते.

मग एका सोमवारी तो वर्गात दिसला नाही. का गेला, हे मला आजही माहीत नाही. आदल्या शनिवारी पुन्हा कोणी 'टँव टँव' केले होते म्हणे. गणिताचे मास्तर काही टोचून बोलले होते, असेही कोणी म्हणाले. मी स्वतः त्याला रविवारी विहिरीवर पाहिले होते, तो बादली ओढत होता आणि शीळ वाजवत होता. शीळ वाजवणारा मुलगा दुसऱ्या दिवशी निघून जाईल असे कोणाच्या मनात येईल?

दादांनी टिंबे द्यायला सुरुवात केली. तो बापाकडे गेला असेल म्हणून दोन गावांत निरोप पाठवले, पण हंगामात पिंजारी कुठे असेल याचा नेम नसे. सहा टिंबे झाली. सातव्या दिवशी सकाळी कळले की डेप्युटी साहेब शाळा तपासायला येत आहेत. दादा त्यांना उतरवून घ्यायला मोटारीच्या थांब्यावर गेले. पट माझ्याजवळ होता. सहा टिंबे एका ओळीत, आंधळ्यालाही दिसावीत अशी. मला वाटले, साहेबांनी विचारले तर दादा अडकतील, आणि कमिटीला तेच हवे आहे. 'ग' लिहिला असता तर मुलाचे नाव जायला आले असते. मी दौत उघडली आणि सहाही टिंबांवर 'ह' लिहिला. त्या दिवसाचाही लिहिला. साहेबांनी पान पाहिले आणि खाली सही केली.

संध्याकाळी दादांनी ते पान पाहिले.

"शाई तू दिलीस?"

"हो."

त्यांनी पट मिटला. मग म्हणाले, "आता त्याला आणायलाच हवं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते सोनईला निघाले. मुलाचा मामा तिथे होता. नगरला मोटार बदलावी लागे. तिथे ते दोन तास बसून होते असे नंतर म्हणाले. इकडे मी पट भरत राहिलो. शाईच्या 'ह'पुढे पेन्सिलीचे टिंब कसे दिसले असते? आठवा 'ह', नववा 'ह'. एकदा हात बसला की काही वाटत नाही, हेही मला तेव्हाच कळले.

दहाव्या दिवशी, घंटा होण्याच्या आधी, पिंजारी आला. पिंजण खांद्यावरच होती. शिपाई घंटेपाशी उभा होता आणि तो कमिटीतल्या त्या गृहस्थांच्या घरचीही कामे करायचा.

"धाकलं मास्तर, थोरलं कुठं हायती?"

"परगावी गेलेत."

"पोरगं साळंत येतंय न्हवं?" तो कसनुसा हसला. "आमच्यातलं येक जन म्हनालं, नगरात लष्कराच्या लारीपाशी दिसलं. लोकं काय, काय बी बोलत्यात."

मी पट उघडला. त्याला वाचता येत नव्हते, तरी मी पान त्याच्याकडे वळवले आणि ओळीवर बोट ठेवले. "हे बघा. रोज आहे."

"बलवा की जरा."

"सकाळीच खोलीवरून कुठे बाहेर गेलाय, अजून आला नाही. काल होता."

त्याने त्या ओळीकडे पाहिले. शाईला बोट लावावे असे त्याच्या मनात आले असावे, पण लावले नाही. "काल हुता म्हंजी हाय," तो म्हणाला. "मी उगंच नगरला जानार हुतो. येक दिस वाचला." मग शिपायाला म्हणाला, "तुज्या पोरीच्या लग्नातल्या गाद्या राहिल्यात बरं का, सांग कवा येऊ," आणि दोघे हसले. पिंजण सावरून तो फाटकाबाहेर गेला आणि नगरच्या नव्हे, दुसऱ्या वाटेला लागला.

मी त्याला हाक मारू शकत होतो. फाटक काही लांब नव्हते. शिपायाची भीती वाटली म्हणावे, तर शिपाई तोवर घंटा द्यायला वळला होता. दादांसाठी केले म्हणावे, तर दादांनी असे केले असते का? मला वाटते, नसते केले. पण तेही मी आता म्हणतो आहे.

दादा दोन दिवसांनी सोनईहून रिकामेच आले. मी त्यांना सगळे सांगितले. ते पाय धूत होते.

"लष्कराची लारी म्हणाला?"

"हो."

"आणि तू हो म्हणालास."

"हो."

"बरं," ते म्हणाले. तांब्या तसाच ठेवून ओल्या पायांनी बाहेर पडले. पिंजाऱ्याला शोधण्यात त्यांचा एक दिवस गेला. मग दोघे मिळून नगरला गेले, छावणीच्या फाटकावर उभे राहिले. तिथल्या कारकुनाने सांगितले, भरती झालेल्यांची तुकडी काल आगगाडीने गेली. या वर्णनाचा एक उंच मुलगा होता. वय अठरा सांगितले होते, नाव दुसरेच दिले होते. गावही दुसरेच. बापाने आधी येऊन वय सांगितले असते तर सोडला असता का? कारकून म्हणाला म्हणे, बाप स्वतः आला तर कधी कधी सोडतात. कधी कधी.

पुढे वर्षभराने दादांच्या नावाने एक कार्ड आले. खाली सही नव्हती. खुशाल आहे, काळजी नसावी, एवढेच. दादा म्हणत, अक्षर त्याचेच. मला ते त्याचे वाटले नाही, पण मी तसे बोललो नाही. लढाई संपली. तालुक्यातले जे गेले होते त्यातले काही परत आले, काहींच्या घरी तार आली. याचे काहीच आले नाही. ज्या नावाने तो गेला ते नावच कोणाला माहीत नसल्यावर तार कोणाच्या दारी येणार?

छावणीहून परतले त्या दिवसापासून दादांनी पटावर पेन्सिल टेकवली नाही. आला नाही की त्याच दिवशी शाईने 'ग'. मुलांना आणायला ते जात राहिले, उलट आठवड्याच्या मधल्या दिवशीही जाऊ लागले, रात्री उशिरा पाय सुजवून येत. तरी काहींची नावे ते पोचायच्या आत गेली. दोन मुले मला आठवतात, पेन्सिल असती तर ती टिकली असती. पेन्सिल नसती तर पिंजाऱ्याचा मुलगा टिकला असता का? की पेन्सिल ठीक होती आणि माझी शाई चुकली? की शाईही चालून गेली असती, फक्त तो 'हो' नको होता? मी हे कितीदा मांडले आणि दर वेळी उत्तर वेगळे आले. दादांशी बोलायचे ठरवत होतो. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. मग ते आजारी पडले आणि वीस दिवसांत गेले.

तेराव्याला पिंजारी आला. पडवीच्या कडेला, जिथे त्याचा मुलगा जेवायला बसे तिथेच नेमका बसला. त्याला ते माहीत असण्याचे कारण नव्हते. गर्दी पांगल्यावर त्याने मला जवळ बोलावले.

"धाकलं मास्तर, तुमी तोंड चुकवता माज्यापास्नं. लई वर्सं झाली. बरं न्हाई ते."

मी उभाच राहिलो.

"तुमचा काय दोस? थोरल्यांनी छावनीच्या फाटकावर समदं सांगितलं हुतं मला. म्हनले, पटावर खोटं मी लिवलं. धाकट्याला काय बी ठावं न्हवतं, लिवलेलं हुतं ते त्यानं वाचून दावलं. माज्या पाया पडाया लागले. मी म्हनलं, मास्तर, असं नका करू." त्याने डोळे पुसले. "मी तवाच माफ केलं त्यास्नी. पर त्यास्नी पटलं का न्हाई, कुनास ठाऊक."

माझ्या तोंडाशी आले होते. मला माहीत होते, मीच लिहिले होते, एवढीच दोन वाक्ये. त्याने वहिनींनी दिलेला पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मी त्याचे पाणी पिऊन होण्याची वाट पाहिली. पाणी पिऊन झाले. तो उठला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेला.

वहिनी दारात होत्या. "भावजी, त्यांनी असं सांगितलं होतं त्याला?"

"हो."

"आणि आज तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्या आत गेल्या. त्यांना किती माहीत आहे, हे मी विचारलेले नाही.

दादांचा वर्ग आता माझ्याकडे आहे. पिंजारी दर हिवाळ्यात पारनेरला येतो आणि भेटला की मला रामराम करतो. मुलगा परत आलेला नाही. मी पिंजाऱ्याला अजून सांगितलेले नाही.