चिलीचा निवडुंग आणि वाघमारे मॅडमचा संशय

इस्माईलभाईंच्या रोपवाटिकेतल्या करड्या निवडुंगाला गेल्या रविवारी पिवळे फूल आले. या निवडुंगाची जात चिली देशातली आहे. पण हे झाड तिथून उपटून आणलेले नाही, आपल्याच गावात बियांपासून वाढवलेले आहे. या दोन्ही गोष्टींना वनस्पतिशास्त्राच्या आमच्या प्राध्यापिका डॉ. शकुंतला वाघमारे यांनी दुजोरा दिला आहे. वर्षभरापूर्वी याच झाडावर भर प्रदर्शनात आक्षेप घेणाऱ्याही त्याच होत्या. मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा हीच बातमी आधी सांगायची मी ठरवले. त्यांना कौतुकापेक्षा पडताळलेली गोष्ट अधिक आवडते.

माझी त्यांची पहिली ओळख पकडले जाण्यातून झाली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने कागदावर चिकटवून द्यावे लागत. निम्मे नमुने मी एका सीनियरकडून घेतले आणि खाली ‘गंगापूर’ असे लिहून मोकळा झालो. मॅडमनी एक कागद उचलला आणि मुळाला नख लावले.

“जाधव, कुठलं म्हणालास हे?”

“गंगापूर, मॅडम. नदीकाठ.”

“माझं माहेर आहे ते. तिथली माती काळी. तुझ्या मुळाला लाल मुरूम कसा रे चिकटला? एसटीत बसून आला व्हय?”

वर्ग हसला. मला वाटले, आता नापास. पुढच्या रविवारी मॅडम मला स्वतः एसटीने गंगापूरला घेऊन गेल्या. दिवसभर काठाने हिंडवले, सगळे नमुने नव्याने गोळा करायला लावले आणि दुपारी आपल्या डब्यातल्या दशम्या अर्ध्या माझ्यापुढे केल्या. वर म्हणाल्या, “खा. या मी स्वतः केल्यात, खात्री आहे.”

पुढे मी वनस्पतिशास्त्र सोडून वर्तमानपत्रात गेलो. मॅडम मात्र सुटल्या नाहीत. ‘हे झाड फक्त अमक्या देशात सापडते’ असे छापले, की दुपारी कचेरीत फोन येई. “जाधव, ‘फक्त’ लिहिणारा माणूस शेजारच्या देशात जाऊन आलाय का, ते आधी विचार.”

या एका शब्दासाठी त्यांनी एक वही केली आहे. तिच्यावर लिहिले आहे, ‘फक्त चिलीचे’. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला उंच डोंगररांग, वरती वाळवंट. देश जसा बरणीत घालून ठेवलेला, असे त्या सांगत. त्या कधी तिथे गेल्या नाहीत. पत्रे लिहून, ग्रंथालये धुंडाळून एकेक नोंद केली. गोड रसासाठी तोडला गेलेला तिथला ताड त्या वहीत आहे. देगू नावाचा उंदरासारखा प्राणी आहे. एका बेटावरचा चिमुकला पक्षी आहे. त्याचा नर तांबडा आणि मादी हिरवी, म्हणून विद्वानांनी एके काळी त्यांना दोन वेगळे पक्षी ठरवले होते. सगळी वही पेन्सिलीत आहे. उद्या डोंगरापलीकडे तीच जात सापडली, तर खोडता आले पाहिजे.

माझे वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मॅडम रोज संध्याकाळी येत. औषधाच्या प्रत्येक पट्टीवरची तारीख चष्मा लावून वाचत आणि मगच गोळी देऊ देत. वडील म्हणत, “ही बाई यमालाही ओळखपत्र मागेल.” त्यांच्या संशयात माया असते, हे आम्हा विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. सर्वांना ते ठाऊक नसते, हे गेल्या वर्षी कळले.

औरंगपुऱ्यातल्या सभागृहात वृक्षप्रेमींचे वार्षिक प्रदर्शन होते आणि मॅडम परीक्षक होत्या. वैजापूर रस्त्यावर रोपवाटिका चालवणाऱ्या इस्माईलभाईंनी एक निवडुंग मांडला होता. जातीचे नाव कोपियापोआ. मूळचा चिलीच्या वाळवंटातला, राखेचा थर चढल्यासारखा पांढुरका. तो तिथून चोरून उपटला जातो आणि जगभर विकला जातो. शेडखाली वाढवलेले झाड हिरवे, तुकतुकीत राहते. रानातल्या झाडावर पांढरा थर आणि उन्हाचे व्रण असतात. इस्माईलभाईंच्या झाडावर दोन्ही होते.

“इस्माईलभाई, हे बियांचं नाय. हे उपटलेलं आहे,” मॅडम सर्वांसमोर म्हणाल्या आणि झाड स्पर्धेतून बाद केले.

इस्माईलभाईंनी मान खाली घातली आणि कुंडी उचलून नेली. ते गप्प राहिले, म्हणून लोकांनी गुन्हा कबूल धरला. त्यांच्याकडे परदेशी झाडे येतात कुठून, अशी कुजबुज सुरू झाली. तीस वर्षांची गिऱ्हाइके दुसरीकडे वळली. खरे सांगायचे, तर मीही त्या रस्त्याने जाताना थांबणे सोडले.

ही कुजबुज मॅडमच्या कानी गेली, तेव्हा त्या अस्वस्थ झाल्या. “मी झाडावर संशय घेतला होता, माणसावर नाही,” त्या मला म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, “पण मी तरी मूळ कुठं बघितलं? तुझं बघितलं होतं. चल.”

आम्ही रोपवाटिकेत गेलो. मॅडमनी झाड कुंडीतून काढायला सांगितले. इस्माईलभाईंनी अलगद काढले. रानातून उपटलेल्या झाडाचे जाड मूळ तुटलेले असते. याचे मूळ अखंड होते आणि एका लहान कुंडीच्या आकारात गोल गोल वळले होते, म्हणजे ते लहानपणापासून कुंडीतच होते. मग मॅडमनी पर्समधून व्हिनेगरची बाटली काढली, कापसाने झाडावरचा पांढरा थर पुसला. बारीक फेस आला. तो रानातला थर नव्हता, बोअरच्या पाण्याचा क्षार होता. इस्माईलभाई वर्षानुवर्षे झाडावर वरूनच पाणी शिंपडत आले होते. कुंडी पत्र्याच्या छपरावर ठेवलेली असे, व्रण तिथल्या उन्हाचे होते. आपल्या गावच्या पाण्याने आणि उन्हाने झाडाला चिलीचे रूप दिले होते.

मुळांच्या गुंत्यात तुपाच्या प्लास्टिक डब्याची कापलेली एक पट्टी सापडली. तिच्यावर पेन्सिलीत झाडाचे नाव होते. अक्षर मॅडमचे होते.

“अक्षर माझं आहे, म्हणून जास्त संशय येतो,” असे म्हणून त्या घरी गेल्या आणि जुनी वही उघडली. आत नोंद होती: ‘इस्माईल, पाच बिया.’ एका परदेशी वनस्पती उद्यानाने पाठवलेल्या बिया त्यांनीच वाटल्या होत्या आणि विसरून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. “इस्माईलभाई, तुम्हाला आठवत होतं?”

“जी, मॅडम.”

“मग बोलला का नाही?”

“भरी महफिल में आपकू कैसा बोलूं मैं, आप भूल गये करके? इज्जत का सवाल था.”

“कोणाच्या? गेली ती तुमची.”

“मेरी तो आप वापस ला देते, मालूम था. टाइम लगता आपकू, बस.”

मॅडमनी हात जोडले. इस्माईलभाई गडबडून चहा आणायला धावले.

आक्षेप सर्वांसमोर घेतला, तर चूकही सर्वांसमोर सांगितली पाहिजे, असे मॅडमचे म्हणणे आहे. म्हणून येत्या प्रदर्शनात हा निवडुंग पहिल्या टेबलावर असेल आणि त्याच्याशेजारी उभ्या राहून मॅडम आपली चूक स्वतः वाचून दाखवतील. त्या पाच बियांपासून झालेली दोन झाडे जगली आहेत. दोन्ही एकदमच फुलली, तेव्हा इस्माईलभाईंनी कुंचल्याने पराग एकाचे दुसऱ्याला लावले. बी धरले, तर ते मॅडम पेरणार आहेत. त्या रोपांना फूल यायला दहा-पंधरा वर्षे लागतील, असा त्यांचा अंदाज आहे. तो त्यांनी वहीत पेन्सिलीनेच लिहिला आहे.

“फुललं असं कोणी फोनवर सांगितलं, तर मी मानणार नाही,” त्या म्हणाल्या. “स्वतः येऊन बघीन.”

नव्वदीला टेकलेल्या मॅडमना त्या दिवशी रोपवाटिकेत घेऊन जायला गाडी मी आणणार आहे. तिथल्या पायऱ्या त्यांनी कोणाचाही हात न धरता चढाव्यात आणि फुलाकडे चष्मा सावरून आजच्याइतक्याच संशयाने बघावे, एवढेच मागणे आहे.