आधी भांडं, मग दूध

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी जमलेल्या सगळ्यांच्या फोनमधले व्हिडिओ मी एका हार्डडिस्कवर उतरवून घेतले, फोनमधून पुसून टाकले, आणि जळगावला घरी आल्यावर ती हार्डडिस्क कूलरवर ठेवली. कूलर चालू होता. मे महिन्यातल्या जळगावात तो बंद असण्याचा प्रश्नच नसतो. आठ दिवस ती डिस्क त्या थरथरत्या पत्र्यावर बसून राहिली आणि नवव्या दिवशी खाली पडली. तिच्यात दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या सासूबाईंचा आवाज होता. त्या हळदीची गाणी म्हणायच्या, अगदी पारोळ्यापर्यंतची लग्नघरं त्यांना बोलावून न्यायची. ती गाणी आता दुसरीकडे कुठेही नव्हती, कारण बाकी सगळीकडून मी स्वतः ती काढून टाकली होती. काढताना प्रत्येकाला "बघा, फोन कसा हलका झाला" असंही म्हणालो होतो.

बायको भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "दाजींना सांगा."

दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याइतका सावकाश माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. धुळ्यात त्यांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचं दुकान आहे. शेतकरी सकाळी मोटार आणून टाकतो आणि पाणी अडलंय म्हणून डोक्यावर उभा राहतो. साडू त्याला चहा देतात, मोटारीकडे बघत बसतात, आणि तासाभराने "हं" म्हणतात. पण त्यांनी भरलेली मोटार परत येत नाही, म्हणून गिऱ्हाईकही दुसरीकडे जात नाही. नवं घर बांधलं तेव्हा त्याला चांगलं कुलूप घ्यायचं म्हणून ते तीन महिने बाजार बघत होते. तोवर अक्का, म्हणजे माझ्या मेव्हणीबाई, रोज संध्याकाळी उंबऱ्यात खुर्ची टाकून घर राखायच्या. त्यांना कुणी विचारलं की म्हणायच्या, "कुलूप येईपर्यंत मीच."

मी फोनवर सगळं सांगितलं. साडू म्हणाले, "डिस्क लावून बघितली का?"

"नाही."

"लावू बी नका. आजारी माणसाला पळवत नाहीत. आधी मी एक मशीन उभं करतो. घरातले बठ्ठे, एकूण एक फोटो, व्हिडिओ त्यात राहतील, टीव्हीवर दिसतील, अन् दुसरी प्रत वेगळ्या गावाला राहील. मग तुमच्या डिस्कमधून काढू."

"भाऊ, आत्ताच काढलं तर?"

"कशात काढू, पाहुणे? आधी भांडं, मग दूध."

मला वाटलं भांडं म्हणजे आठवड्याचं काम. ते जून ते डिसेंबर चाललं.

पहिली खरेदी करायला ते जळगावला आले आणि मला बरोबर घेऊन एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदाराने जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन काउंटरवर ठेवलं. "काका, याला पंखाच नाही. अजिबात आवाज नाही."

"मग एप्रिलात काय करतो हा?"

"काका, आवाजच करत नाही."

"ते कळलं. एप्रिलात काय करतो?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. साडूंनी ते मशीन तासभर चालू ठेवायला लावलं आणि त्याच्यावर पालथा हात ठेवून स्टुलावर बसून राहिले. मोटारीला ते असाच हात लावतात. तळवा फसवतो, पालथा हात खरं सांगतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. तासाने ते उठले. "चटका देतंय. अन् अजून पाऊस चालू शे."

मग दोन डिस्का बसणारा एक तयार डबा आला. तो सुबक होता, थंड होता, आणि त्याला उघडायला स्क्रू नव्हते. साडूंनी तो चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि परत दिला. जे उघडता येत नाही ते आपलं नाही, म्हणाले. शेवटी अमळनेरला बंद पडलेल्या एका टायपिंगच्या क्लासातला जुना, जाडजूड कॉम्प्युटर त्यांना पसंत पडला. त्याचा पंखा चालू करून त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याजवळ टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. क्लासचे मालक हलक्या आवाजात मला म्हणाले, "हे डॉक्टर आहेत का?" मी हो म्हणालो. "बेअरिंग शाबूत शे," साडू म्हणाले.

आत बसवायच्या डिस्का दोन. एक गेली तर दुसरी उभी राहावी, म्हणून दोघींवर तेच लिहिलं जायचं. मी म्हटलं, एकाच ठिकाणी घेऊन टाकू. ते म्हणाले, "एका दिवशी बनलेल्या डिस्का एका दिवशी मरतात." म्हणून एक धुळ्यात घेतली आणि दुसरीसाठी दोन महिने थांबून परत जळगावला आले. शिवाय हे दोन डिस्कांचं प्रकरण म्हणजे राखण नव्हेच, असंही त्यांनी मला बजावलं. तुमच्यासारख्याने चुकून पुसलं तर दोन्हीकडचं एकदम जातं. 'तुमच्यासारख्याने' हा शब्द त्यांनी सहज वापरला, त्यात राग नव्हता. म्हणूनच तो लागला.

तुळशीचं लग्न झाल्यावर पारोळ्याला नात्यातली एक हळद होती. बायकांनी गाणं धरलं. ते सासूबाईंचंच होतं. माझी बायको पुढे झाली, दोन ओळी तिने छान म्हटल्या, आणि तिसरीला अडली. तिने अक्कांकडे पाहिलं. अक्काही अडल्या होत्या. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या, तेवढ्यात कुणीतरी दुसरंच गाणं सुरू केलं.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीतून बाहेर बघत होती. घरी पोचल्यावर मी काय केलं असेल ते सांगायला नको. डिस्क काढली आणि माझ्या लॅपटॉपला लावली. टक, टक, टक, असा आवाज आला. मला वाटलं थोड्या वेळाने थांबेल.

साडूंना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते धुळ्याहून बसने आले, चपला काढायच्या आधी विचारलं, "किती वेळ चालू होती?"

"दहा मिनिटं."

"पाहुणे, जळालेली मोटार घेऊन येणारा प्रत्येक माणूस दहा मिनिटंच सांगतो."

"अर्धा तास."

त्यांनी मान हलवली, डिस्क आपल्या मफलरमध्ये गुंडाळली, आणि चहा न घेता परतीची बस धरली. चहा न घेता गेलेले साडू मी त्याआधी पाहिले नव्हते.

मशीन तयार झालं तरी त्यांनी डिस्कला हात लावला नाही. थंडीची वाट बघायची होती. पौषात धुळ्याची थंडी माणसाला पांघरुणातून निघू देत नाही. साडूंनी नेमकी तीच निवडली. पहाट उजाडल्यावर गच्चीवर स्टूल, स्टुलावर मशीन, त्याला जोडलेली माझी डिस्क उघड्या थंडीत, आणि शेजारी कानटोपी घातलेले साडू, डिस्कवर पालथा हात ठेवून. हाताला कोमट लागलं की बंद. मग चहा. गार झाली की पुन्हा चालू. जिथे डिस्क अडेल तो भाग सोडायचा, पुढचं घ्यायचं, अडलेलं उद्यासाठी ठेवायचं. असं तीन आठवडे. मी एकदा जाऊन पाहून आलो. हात काळानिळा पडला होता. "हातमोजा घाला की," मी म्हणालो. "मग कळणार कसं?" ते म्हणाले. तासभर आम्ही दोघे तिथे बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाने घाई करावी असं वाटलं नाही.

संक्रांतीला त्यांनी आम्हाला धुळ्याला बोलावलं. दारातच मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाणी गेली, पाहुणे. फक्त एक तुकडा हाती लागला. त्यात गाणं नाही." मी विचारलं, त्या अर्ध्या तासात गेली का. "पडली तेव्हाच गेली असतील," ते म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले. साडूंना खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे ते फार वेळ बघत राहिले.

टीव्हीसमोर बायको आणि अक्का शेजारी शेजारी बसल्या. साडू मशीनजवळ, हात त्याच्या पाठीवर. पडद्यावर सासरची गच्ची आली. जुन्या साडीवर ज्वारीचे बिबडे, पापडासारखे, वाळत घातलेले, आणि मधोमध सासूबाई, हात पिठाने भरलेले. चित्र हलत होतं, कारण ते मी काढत होतो. दोन्ही बहिणी पुढे सरकल्या. व्हिडिओतच मागून बायकोचा आवाज आला, दोन-तीन वर्षांनी तरुण: "आई, यांना सांग ना, तो फोन ठेवा अन् एक परात तरी उचला."

सासूबाईंनी मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पिठात हात घातला.

"ऱ्हाऊ दे, माय. त्यास्ले तितलंच जमस."