बिनमिरचीची वाटी

भडगावात झुलाल आबांच्या घरी पाहुण्याला जेवण तिखट लागलं नाही, तर तो घराण्याचा अपमान. अशा घरात केमो घेणाऱ्या बायकोसाठी, शेवंताबाईंसाठी, आबांनी आयुष्यात पहिल्यांदा चूल पेटवली. आणि केलं काय? डॉक्टरांनी मिरची बंद सांगितलेली असताना मऊ खिचडीत अर्धी हिरवी मिरची ठेचून टाकली. नुसती वासापुरती! बिनमिरचीचं वाढणं म्हणजे त्यांना बाईला उपाशी ठेवल्यासारखं वाटलं.

शेवंताबाईंचं तोंड आधीच आतून सोललेलं. वर दोन दिवस जुलाब. सोमवारी जळगावच्या दवाखान्यात वजन भरलं एकोणचाळीस किलो. डॉक्टर म्हणाले, "चाळीसच्या वर गेल्याशिवाय शेवटचा डोस देता येणार नाही." डोस पंधरा दिवस लांबला. आबांनी मिरचीची गोष्ट तिथल्या तिथे कबूल केली आणि खाली मान घालून घरी आले.

आल्या आल्या मिरच्यांचा डबा शेजारच्या तोतारामकडे नेऊन दिला. फोडणीच्या वासानं बाईंना मळमळायचं, म्हणून फोडणीच बंद केली आणि चूल अंगणाच्या टोकाला नेली. मुगाच्या डाळीचा गिच्च भात, दर दोन तासांनी एकच वाटी, मधे पिकलं केळ. उलटी झाली तर रागवायचं नाही. जरा थांबायचं, घोट घोट जलसंजीवनी पाजायची, की पुन्हा वाटी. आबा हट्टाला पेटले ते पेटलेच. स्वतःही तेच जेवू लागले.

"आबा, हाई जेवण शे का औषध?" तोताराम हसला.

"दोन्ही शे," आबांनी त्याला वाटेला लावलं.

"तोंडले चव नही शे," शेवंताबाई वाटी सारून म्हणायच्या.

"चव मंग येई. आते वजन लागस. खाई ले."

पंधरा दिवसांनी दवाखान्यात त्या चपला काढून काट्यावर चढल्या. आबा वाकून आकडा बघू लागले. चाळीस किलो आठशे!

"अरे वा," कामिनी सिस्टर म्हणाल्या, "डोस आजच. घरी स्वयंपाक कोण करतं, सूनबाई का?"

चाळीस वर्षांच्या संसारात उखाणा सोडून शेवंताबाईंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "झुलाल पाटील रांधस. लिखी ल्या."

आबा काट्याकडेच बघत राहिले. मान वर केली असती, तर सगळ्यांदेखत रडले असते.