सुमनच्या टाचेला आराम

"पळालीस ना? खरं सांग."

"नाय ओ मॅडम, येक पाऊल नाय."

मी टाचेवर अंगठा दाबला तशी सुमन कळवळली. उपचार सुरू होऊन तीन आठवडे झाले तरी दुखणं होतं तिथेच. पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे धावण्याची चाचणी, सव्वा महिन्यावर आलं होतं. ते हुकलं की पुढची संधी नाही, वडिलांनी स्थळ बघून ठेवलं होतं.

तेव्हा, २००३-०४ च्या सुमाराला, मुरबाडला माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक होतं. सुमन वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीतली. घाटरस्त्याच्या डांबरावर पळायची. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टी असते, प्लांटार फॅशिया. तिच्यावर सतत ताण आला की ती टाचेपाशी दुखावते. सकाळी पहिली पावलं टाकताना जीव जातो. मी पोटरीचं स्ट्रेचिंग शिकवलं होतं, तळव्याखाली बाटली फिरवायला सांगितली होती, मऊ चप्पल घ्यायला लावली होती. कागदावर लिहिलं होतं: रनिंग बंद, आराम.

माझं डोकं फिरलं. मी सरळ म्हणाले, मुलगी खोटं बोलतेय. सोबत आलेले तिचे वडील, काळूभाऊ, उखडले.

"खोटा कशाला बोलल? घरीच असते. पळायचं बंद, मंग रिकामीच ना? हिच्या आयला म्हनलं, तू बस, पानी हीच भरल."

"किती खेपा?"

"पयल्या दोन होत्या. आता चार."

विहीर खाली, वाडी वर. डोक्यावर दोन हंडे, पाय अनवाणी, दगडांची चढण. माझ्या आरामाने त्या टाचेवरचं ओझं दुप्पट केलं होतं. मला माझीच लाज वाटली. दिवसभर काय करतेस, एवढंही मी विचारलं नव्हतं.

नवा कागद घेतला. लिहिलं: पाणी वडिलांनी भरावं. खाली सही, शिक्का.

"मी? वाडी हसल, मॅडम!"

"हसू द्या. कावड घ्या."

शिक्क्याचा त्यांना धाक होता. दोन आठवड्यांत सुमनची सकाळची कळ गेली. मग तिला हळूहळू पळवलं, डांबरावर नाही, कापणी झालेल्या मोकळ्या शेतात. ग्राउंड निघालं, लेखीही निघाली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी क्लिनिकमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

काही महिन्यांनी काळूभाऊ पेढे घेऊन आले.

"पोरगी ट्रेनिंगला गेली. पन माझा खांदा धरलाय. पानी अजून मीच भरतो."

खांदा तपासला, व्यायाम शिकवले, खेपेला अर्धीच कावड भरायला सांगितली. आराम मात्र लिहिला नाही. लिहिला असता तर चारही खेपा त्यांच्या बायकोवर गेल्या असत्या.