मोकळेपणाने बोला, असं सर म्हणाले

पन्नाशीला टेकल्यावर पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा आमच्या घरात ते गुडघेदुखीसारखं वयाचं दुखणंच मानलं गेलं. नवरा करी रोडच्या भाजीवालीलाही सांगायचा, "ही डॉक्टर होतेय, पण माझं बीपी दुसरीकडेच तपासायला लागणार."

आमच्या विभागात वर्षाअखेर संशोधक विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेतात. त्या वर्षी समोरासमोर बैठक ठेवली. चहा, समोसे आणि आम्ही चारपाच जण. विभागप्रमुख म्हणजे माझेच मार्गदर्शक. "मोकळेपणाने बोला," ते म्हणाले, "तुमच्या सूचनांवरूनच प्रशिक्षण सुधारायचंय." बाकीच्यांनी ओळीने आभार मानले.

मी वाढले लालबागच्या चाळीत. विसर्जनानंतर मंडळाची बैठक व्हायची, आणि तिथे बोला म्हटलं की लोक खरंच बोलायचे. प्रसाद कमी पडला म्हणून अध्यक्षांना उभंआडवं घ्यायचे, मग सगळे मिळून वडे खायचे, आणि पुढच्या वर्षी प्रसाद पुरायचा. मला वाटलं, विद्यापीठातही असंच असेल. वय वाढलं की शहाणपण येतं, ही अफवा आहे.

मी उठले. "सर, गणपतीच्या आधी दिलेलं प्रकरण शिमगा झाला तरी परत आलेलं नाही. मुलाखत कशी घ्यायची हे कुणी शिकवलं नाही, नुसत्या स्लाइड वाचून दाखवल्या."

शेजारच्या मुलीने माझी ओढणी ओढली. "मावशी, बसा ना!" ही शीव कोळीवाड्यातली. तिथल्या बायकांच्या मासळी वाळवण्यावर तिचं संशोधन. तिचंही प्रकरण सरांकडेच पडून होतं आणि प्रगती समितीसमोरचं सादरीकरण तोंडावर आलं होतं. त्यात पास झाली तर ठीक, नाहीतर काकाने बघून ठेवलेली नोकरी धरायची, असं बापाने बजावलं होतं.

सर हसले. "मॅडम, संशोधन म्हणजे शिकवणी नव्हे."

आमच्या अभिप्रायावर कारवाई मात्र तातडीने झाली. पंधरवड्यात कार्यशाळा लागली: संशोधकांसाठी सकारात्मक दृष्टिकोन. हजेरी सक्तीची. डोळे मिटून धबधबा डोळ्यासमोर आणायचा होता. मी आणला, आणि त्याखाली कुणाला उभं केलं ते सांगत नाही.

बाहेर पडताना ती मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी वाचाल का माझं?"

रविवारी मी जेवणाच्या टेबलावर ते प्रकरण घेऊन बसले, ती समोर. मुलाखतीत एक मासळीवाली म्हणत होती, 'सदर व्यवसायामध्ये महिलांचा सहभाग उल्लेखनीय आहे.'

"हे कोण बोललं गं?"

"माझी आत्या."

"तुझी आत्या असं बोलते?"

"छे! तिची तीन वाक्यांत एक तरी शिवी असते. पण सर एकदा म्हणालेले, भाषा शास्त्रीय पाहिजे. म्हणून मी सगळ्या बायांचं शुद्ध केलं."

"मूळ रेकॉर्डिंग?"

"मोबाइल भरला म्हणून उडवलं. का, ठेवायचं असतं?"

नवऱ्याने काहीतरी विनोद केला. मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा चहा करायला निघून गेला. त्याचा काय दोष? पण दोन वर्षं ही पोरगी कोळीवाड्यात घरोघर फिरली, आणि माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे असतात एवढं साधं वाक्य तिला सांगायला कुणाला फुरसत झाली नाही! पहिली दहा पानं कुणी चाळली असती, तरी हे तिथेच थांबलं असतं.

सादरीकरणाला मीही मागे बसले होते. समितीतल्या बाहेरून आलेल्या बाईंनी नेमकं तेच विचारलं, "बायकांचे मूळ शब्द कुठे आहेत?" सर लगेच म्हणाले, "काम कच्चंच आहे. मी हिला सांगितलं होतं."

मुलगी ताठ उभी होती. "नाही सर. तुम्ही वाचलंच नाही."

समितीने सादरीकरण अमान्य केलं. शेरा मारला: विद्यार्थिनीने मार्गदर्शकांशी संवाद वाढवावा.

महिन्याभरात तिचा फोन आला. "मावशी, मी सोडलं. सोमवारपासून कामावर जातेय." विभागात कारण लिहिलं गेलं, 'कौटुंबिक'.

मी थेट सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, कारण चुकीचं लिहिलंय. तिचं काम इथे कुणी वाचलं नाही म्हणून ती गेली."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, तुमचं प्रकरण मी याच आठवड्यात वाचायला घेणार होतो."

गोड आवाजातली ती धमकी मला बरोबर कळली. त्यांच्या टेबलाच्या कडेला गठ्ठा होता. तिची निळी फाइल मी ओळखली, तिला लावलेला रबरसुद्धा कुणी काढला नव्हता. मी ती ओढून काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"माझं राहू दे," मी म्हटलं. "आधी हे वाचा. मी बसलेय." आणि खुर्ची ओढून खरंच बसले.