उसवणबाई

कॉलेजातली पोरं त्यांना उसवणबाई म्हणतात आणि बाईंना ते ठाऊक आहे. शिवणकामाच्या वर्गात पहिल्या दिवशी त्या कुणाच्या हाती सुई देत नाहीत, ब्लेड देतात.

"अंगातला शर्ट कुणी शिवला, किती घाईत शिवला, हे ओळखता आलं पाहिजे. रंग बघून कपडे घ्यायला अक्कल लागत नाही."

मग घरून आणलेला जुना कपडा उसवायचा. टाके तिरके गेलेले दिसले की बाई विचारतात, "ही बाई दमली होती, की तिच्यावर कुणी खेकसत होतं?" पोरं हसतात. बाई हसत नाहीत.

कारण खेकसणाऱ्या त्याच होत्या. कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी मुकादमकी केली. माल लवकर निघावा म्हणून मालकाने यंत्रांवरची, सुईखाली बोट जाऊ नये म्हणून बसवलेली आड काढायला सांगितली, आणि बाईंनी आपल्या हाताने एकेक स्क्रू काढला. आठवड्याच्या आत त्यांच्याच धाकट्या बहिणीच्या उजव्या तर्जनीतून सुई आरपार गेली. बोट कायमचं ताठ झालं. कागदावर कारण लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. खाली साक्षीदार म्हणून बाईंची सही. बहिणीला कामावरून काढलं. महिन्याभराने बाईंनीही कारखाना सोडला आणि या मालकाला चारचौघांत खोटं पाडायचं, एवढंच मनाशी धरलं. सतरा वर्षं धरलं. हल्लीच्या लोकांना सतरा दिवस राग धरवत नाही.

यंदा तोच मालक कॉलेजला शर्ट पुरवायला पुढे आला. कॉलरच्या आत पट्टी होती, 'न्यायाने शिवलेला. प्रत्येक हात हजेरीपटावर.' प्राचार्य खूश. मालक स्वतः येऊन मुलांना चार शब्द सांगणार होता.

"एक नमुना आमच्या वर्गाला द्या ना," बाई गोड आवाजात म्हणाल्या. त्यांचा गोड आवाज ओळखणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून नमुना मिळाला.

पोरांनी तासाभरात शर्टाची चिरफाड केली. एक मुलगी भिंग घेऊन उठली. "बाई, बटणं यंत्रावर नाही लागलेली. खाली दोऱ्याला वेढे आहेत. आणि हे वेढे उलटे आहेत."

बाईंनी भिंग घेतलं आणि एकेक बटण उलटून पाहिलं. उलटे वेढे कोण घालतं? जिची तर्जनी वाकत नाही, ती.

बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. येणंजाणं होतं, फक्त त्या कागदाचा विषय दोघी काढत नसत. बाई न सांगता गेल्या, तर बहीण शर्टांच्या गठ्ठ्यात बसलेली.

"त्याचंच काम करतेस?"

"मग काय तुझं करू?" बहिणीने मान वर केली नाही. "या गल्लीत आम्ही नऊ जणी बटणं लावतो. हजेरीपटावर कुत्रंसुद्धा नाही. आणि ताई, तू डोळे वटारू नकोस, तुझी मुकादमकी संपली."

"मी सभेत सांगणार आहे. तुझं काम जाईल."

"जाईल."

"म्हणून विचारायला आले. तू नको म्हणालीस तर गप्प बसेन."

आता मात्र बहिणीने सुई खाली ठेवली. "एकदा गप्प बसलीस तेवढं पुरे. पण सांगणार मी. तू नुसती खुर्ची धर माझ्यासाठी, पुढच्या रांगेत."

सभेच्या दिवशी मालक छान बोलला. त्याला बोलता येतंच. मग भिंगवाल्या मुलीने विचारलं, "सर, बटणं कुठे लागतात?"

"आमच्याच छताखाली, बेटा. यंत्रावर."

बहीण उठली, मंचावर गेली आणि त्याच्याच टेबलाशी उभं राहून तिने एका शर्टाला बटण लावलं. पोरांनी ते बटण आणि नमुन्यातलं बटण शेजारी ठेवून भिंग मालकापुढे धरलं.

"ही बाई कोण?" तो प्राचार्यांना म्हणाला.

"निष्काळजी कामगार," उसवणबाई जागेवरून कडाडल्या. "यंत्राची आड तुम्ही काढायला लावलीत, काढली मी, आणि दोष हिच्यावर टाकला. खोट्या कागदावर साक्षीदार मीच आहे. पोरांनो, ऐकून ठेवा. असे कपडे शिवायला एकटा मालक पुरत नाही, माझ्यासारखीही लागते."

प्राचार्यांनी शर्ट परत पाठवले आणि कळवलं, त्या नऊ जणींना हजेरीपटावर घ्या, मग बोलू. दोन महिने मालक अडून बसला. गल्लीत काम बंद. एकीने तर बाईंना भररस्त्यात सुनावलं, "तुमचा सूड झाला, आमच्या चुली विझल्या!" बाईंनी मान खाली घालून ऐकलं, पण पाय मागे घेतला नाही. रोज वर्ग सुटला की पोरांना घेऊन त्या कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहत. अखेर दुसऱ्या गिऱ्हाइकांनीही चौकशी सुरू केली, तेव्हा आठ जणींना हजेरीची कार्डं मिळाली. नववी गेलीच नाही. "त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही," बहीण म्हणाली, आणि कॉलेजात येऊन पोरांना बटणं लावायला शिकवू लागली.

बाई मात्र अजून आठवड्यातून एकदा, मालकाची गाडी निघायच्या वेळी, फाटकाशी जाऊन उभ्या राहतात. आता मागण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यांना पाहताच तो गडबडीने काच वर करतो. ती पुरती वर जाईपर्यंत बाई बघत राहतात, मग घरी जातात.