उजव्या खांद्यावरचं टकमक

गडवाले तात्यांना काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ते समोरच्याकडे पाठ करून उभे राहायचे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर आपण म्हटलं असतं, काय माजलाय लेकाचा. पण तात्यांनी पाठ केली की गडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीत आलेले प्रवासी दोन पावलं पुढे सरकायचे. कारण त्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत आख्खा रायगड गोंदलेला होता. दरवाजे, तलाव, बुरूज, बाजारपेठ, सगळं. लोक तोंडाकडे बघून बोलतात, तात्यांच्या बाबतीत लोक पाठीकडे बघून बोलायचे.

मी महाडचा टेलर. चवदार तळ्याकडून बाजारात शिरलं की डाव्या हाताला माझं दुकान, आणि वरच्या माळ्यावर नीलेशचं टॅटूचं दुकान. माझ्या डोक्यावर दिवसभर त्याचं मशीन गुणगुणत असतं, आणि मार्चमध्ये तळ्यावर माणसं येतात तेव्हा त्याच्या जिन्यावरची रांग माझ्या दारापर्यंत येते. गोंदवून घेणारे पुष्कळ बघितले. आडनावं, आयांची नावं, वाघ, मोरपिसं. सगळी कोवळी पोरं. म्हणून एके दिवशी साठीला टेकलेला, गुडघ्यांवर हात दाबत जिना चढणारा माणूस बघितला तेव्हा मला राहवेना. आपला स्वभावच तो, नको तिथे नाक खुपसायचं. मी विचारलं, कुणाला शोधताय? तर म्हणाले, "कुणाला नाय. पाठ गोंदवायची हाय."

तात्या जन्मभर गडावरचे गाईड. पोरवयापासून लोकांना घेऊन चढले-उतरले. पण गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, आता पायऱ्या बंद. रोपवेचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. "रोपवेनं सामान जातं," ते म्हणायचे, "माणसानं पायांनी जावं." झालं, स्वतःच्याच बोलण्यात अडकले आणि खाली बसले.

त्यांची बायको, आम्ही काकी म्हणतो, मूळची दासगावची. लग्न होऊन वाडीत आली आणि पायथ्याशी पिठलं-भाकरी, ताकाचं खोपटं चालवू लागली. तात्या ज्या वेळी लोकांना वर न्यायचे त्याच वेळी हिच्या चुलीवर गर्दी. त्यामुळे जगाला गड दाखवणाऱ्याची बायको एकदाही वर गेलेली नव्हती. ती म्हणायची, मला कधी नेणार? हे म्हणायचे, "गड काय पळून जातोय गो?" गड नाही पळाला, गुडघे पळाले.

हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी माझ्या स्टुलावर बसून सांगितलं. मी म्हटलं, पण म्हणून पाठ कशाला? फोटो दाखवा की तिला. तर माझ्याकडे बघतही नव्हते, रस्त्याकडे बघून म्हणाले, "तिला वर नेता नाय आलं मास्तर. म्हणून गड खाली आणतोय." मी मापाची टेप गळ्यात घातली आणि वर नीलेशला हाक मारली.

आता घोटाळा ऐका, आणि त्यात माझा वाटा किती तेही ऐका. नीलेशने नकाशा मोठा करून कागदावर काढला आणि त्याचा जांभळा छाप तात्यांच्या पाठीवर उठवला. याच छापावरून पुढे सुई चालायची. नीलेश म्हणाला, एकदा बघून घ्या. त्याच्याकडचा आरसा हातभर. म्हणून तात्या उघड्या पाठीने खाली माझ्या ट्रायल रूममध्ये आले. माझा आरसा पुरुषभर उंच. तात्यांनी मान वळवून आरशात पाहिलं आणि ओरडले, टकमक टोक उजवीकडे गेलं! गडावर बाजारपेठ ओलांडली की टकमक डाव्या हाताला, हे शेंबड्या पोराला ठाऊक. मी पण आरशातच बघितलं. तीस वर्षं गिऱ्हाइकाशेजारी उभं राहून आरशातच बघत आलोय, सवय! म्हटलं, खरंच की, उजवीकडेच आहे. नीलेश वरून धावत आला, म्हणाला अहो आरशात उलटं दिसतं. पण आम्ही दोघांनी मिळून त्याला गप्प केलं. तू गडावर किती वेळा गेलास, असं उलट त्यालाच विचारलं. बिचाऱ्याने छाप पुसला आणि उलटा करून उठवला. मग आरशात टकमक बरोब्बर डावीकडे आलं आणि तात्यांचा जीव भांड्यात पडला.

डोळ्यांसमोर पाठ होती. मान थोडी वळवून सरळ पाठीकडेच बघितलं असतं तर संपलं असतं. ज्याला डाव्या-उजव्या बाहीवर पोट भरायचं त्याला एवढं कळू नये? आज लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दर पंधरा दिवसांनी एक बैठक, अशा कितीतरी झाल्या. काकी खोपटं शेजारणीवर सोपवून बरोबर यायची आणि उशाशी बसायची. वरून मला तात्यांचं कण्हणं ऐकू यायचं नाही, गडाची माहिती ऐकू यायची. सुई जिथे चालू असेल तिथलं ते काकीला सांगत असायचे. कण्यावर सुई आली म्हणजे बाजारपेठ. तो सरळसोट रस्ता त्यांनी मणक्यावरूनच घेतला होता. फार दुखलं की सांगण्याचा वेग वाढायचा, एवढीच खूण.

मग सुरू झाली निगा. अशी निगा मी बाळंतिणीचीही बघितलेली नाही. उन्हात उघडं बसणं बंद. भाताच्या आवणीला उघड्या पाठीने वाकणं बंद. घोंगडी टोचते म्हणून घोंगडी बंद. पाठीला दगड घासणं काकीचा आवडीचा उद्योग, तोही बंद, नुसतं खोबरेल. एसटीत ते सीटच्या कडेला टेकून बसायचे, मांडवातल्या नवरदेवासारखे ताठ. गंगासागर तलावावर डास बसला तर मारायचा नाही, पदराने वारा घालून उठवायचा. वाडीतल्या कुणी टोमणा मारला, गडावर पाठ टाकून झोपता होय? त्यावर तात्या म्हणाले, "म्हणून तर पालथा झोपतो." आणि खरंच, त्या दिवसापासून ते कधी उताणे झोपले नाहीत.

शेवटची बैठक संपली, खपल्या पडल्या, आणि वाडीत पहिल्यांदा पाठ उघडली त्याच दिवशी काकी चुलीशी असताना त्यांच्या बरोबरीच्या एका जुन्या गाईडने बघून विचारलं, तात्या, टकमक इकडं कसं आलं? दुसऱ्या दिवशी तात्या एकटेच माझ्या दुकानात. चेहरा काळाठिक्कर. म्हणाले, मोबाइलवर फोटो काढ. मी काढला. टकमक उजव्या खांद्यावर, जगदीश्वराचं देऊळ डाव्या, सगळा गड इकडचा तिकडे. तात्यांनी फोटो पुष्कळ वेळ धरला. मला वाटलं आता शिव्या खायच्या. पण म्हणाले, "तुझ्या आरशात सरळ होता रे." मग थोड्या वेळाने, "तिला नाय सांगायचं. वाडीत सगळ्यांना शपथ घातलीय, तुलाबी घालतो. जन्मात एकदा तिला गड दिला, तो उलटा दिला असं नाय कळलं पाहिजे." मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. ती घेताना मला स्वतःची लाज वाटली, आणि एकीकडे बरंही वाटलं की माझी चूकही त्या शपथेखाली झाकली गेली.

भरपाई म्हणून म्हणा, मी त्यांना शर्ट शिवून दिला. पुढून साधा शर्ट, मागे खिडकीसारखा पडदा, वर दोन टिचबटणं. बटणं सोडली की पडदा खाली लोंबायचा आणि गड उघडा. आतून मलमलीचं अस्तर, म्हणजे पाठीला काही घासायला नको. काकीसाठी वेताची छडी, तिच्या टोकाला मी मखमलीची चिंधी गुंडाळून दिली. कारण तात्यांना स्वतःची पाठ दिसत नव्हती, दाखवायचं काम काकीचं. हे नाव घेणार, ती छडी टेकवणार. पुढेपुढे हे फक्त "हं" म्हणायचे आणि काकीच सगळं सांगायची. कुणी बोट लावायला गेलं की तात्या पाठमोरेच दरडावायचे, बोट नाय, छडी! मागे डोळे होते की काय कोण जाणे.

मी रविवारी दुकान बंद करून मुद्दाम बघायला जायचो. एकदा पुण्याकडचं एक जोडपं वरून उतरलं आणि म्हणालं, आजी, टकमक तर दुसऱ्या बाजूला आहे. तात्या ढिम्म. विचारलं, रोपवेनं गेला होता ना? हो म्हणाले. "मग बरोबर. रोपवे मागल्या अंगानं नेतो, गड उलटा दिसतो. पायऱ्यांनी जाल तर माझ्या पाठीसारखा दिसेल." काकीने अभिमानाने मान डोलावली. ती दोघं विचारात पडून गाडीत बसली. पायऱ्यांनी जाऊन आलेल्यांच्या अंगात वाद घालायची ताकद उरलेली नसायची, म्हणून निभावलं. पण त्या दिवसापासून मला एकच धास्ती होती. ही बाई कधीतरी वर गेली म्हणजे?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तात्यांच्या हृदयाने दगा दिला. महाडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. नर्स उताणं झोपवायची आणि हे नळ्यांसकट कुशीवर व्हायचे. मी भेटायला गेलो तर हात धरून म्हणाले, "शपथ हाय ना?" मी म्हटलं, आहे तात्या. तिसऱ्या दिवशी गेले.

तिरडीवर ठेवताना काकी म्हणाली, पालथं ठेवा. जाणत्यांनी समजावलं, मयताला असं ठेवत नाहीत. ती वाद घालत बसली नाही. आत गेली, माझा तो पडद्याचा शर्ट आणला, मलमलीची बाजू वर करून पाठीखाली पसरला आणि मग म्हणाली, आता ठेवा. मी त्या दिवशी रडलो, लपवत नाही.

दिवाळी झाल्यावर काकीचा निरोप आला, मास्तरांना म्हणावं माझ्यासोबत गडावर चला. पायऱ्यांनी. रोपवेचं सुचवून बघितलं, तर म्हणाली, सामान जातं त्यानं. ती मखमली टोकाची छडी हातात घेऊन पुढे, मी दम खात मागे. वरचा प्रत्येक दगड तिला ओळखीचा. महादरवाज्यात म्हणाली, ही कंबर. गंगासागरापाशी थांबली, म्हणाली, इथं त्यांचा तीळ होता. लोक वळून बघत होते आणि मला हसू नि रडू एकदम येत होतं.

होळीच्या माळावरून बाजारपेठेत शिरलो. दोन्ही बाजूंना जोती, मधून सरळ रस्ता. काकी त्या रस्त्यावर अनवाणी चालली, अगदी हळू. रस्ता संपला तिथे तिने छडी उजवीकडे केली आणि म्हणाली, हे इकडं टकमक. उजवीकडे समोर जगदीश्वराच्या देवळाचं शिखर दिसत होतं.

ती बघत राहिली. डावीकडे वळली, पुन्हा उजवीकडे. शपथ गेली चुलीत, मी सगळं ओकून टाकलं. आरसा, नीलेशला गप्प केलं ते, फोटो, शपथ, रोपवेची थाप. म्हटलं, काकी, त्यांचा दोष नाही, आरसा माझा होता. ती जोत्यावर बसली. पदर तोंडाला लावून हसायला लागली की रडायला, मला कळेना. दोन्हीही असेल.

मग डोळे पुसून म्हणाली, "शर्टाचं डावं-उजवं कळतं तुम्हाला, माणसाच्या पाठीचं नाय कळलं मास्तर?" ती उठली, छडी झाडली. "एवढी वर्षं हे भ्याले होते होय मला? वेडा माणूस. मी काय टकमक बघायला छडी धरत होती?"

आता काकी आठवड्यातून दोनदा पायऱ्यांनी वर जाते. बायकांचे गट तिलाच मागून घेतात. आवाज खणखणीत, माहिती पक्की. मीही मध्ये एकदा एका गटाबरोबर गेलो होतो. बाजारपेठ संपते तिथे ती थांबली आणि म्हणाली, आता टकमक टोक. तिची छडी आधी उजवीकडे गेली. हवेतच, खांद्याइतक्या उंचीवर, क्षणभर टेकल्यासारखी थांबली. मग तिने ती सावकाश डावीकडे आणली. गटातली एक मुलगी मला हळूच म्हणाली, आजींचा गोंधळ होतो वाटतं. मी म्हटलं, नाही हो, त्यांना दोन्हीकडचं ठाऊक आहे.